माळकरी ड्रायव्हर

माळ तुटली ती नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर, गाडी पुसताना. पुढच्या काचेवर कावळ्यानं आपला कार्यक्रम उरकून ठेवला होता. तो काढायला मी बॉनेटवर वाकलो, माळ वायपरमध्ये अडकली, आणि मी सरळ होतो न होतो तोच सट्‌कन दोरा गेला. तुळशीचे मणी बॉनेटवरून घरंगळले, काही शर्टात शिरले, काही शेजारच्या रिक्षाखाली गेले.

"काय सांडलं हो भाऊ?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"माझं नशीब," मी म्हटलं, आणि गुडघ्यावर बसून एकेक मणी वेचायला लागलो.

सापडले तेवढे रुमालात बांधले आणि रुमाल खिशात घातला. समोरच पोह्यांची गाडी होती. मी पोहे सांगून ठेवले होते, ते बशीत निघालेही होते. पोहेवाल्याला हात करून म्हटलं, "राहू दे बाबा, दुसऱ्या कुणाला दे." आदल्या दिवशी एकादशी होती. घरनं पहाटेच निघालेलो, म्हणजे उपवास सोडायचा तो ह्याच पोह्यांवर सोडायचा होता. पण गळ्यात माळ नसली की माळकऱ्यानं अन्न खायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. कुणी कडक पाळतं, कुणी म्हणतं पाणी चालतं. मला माळ घालणारे महाराज कडक होते. मग मीही कडक.

म्हटलं, कुठं दोरा मिळाला की ओवून टाकू, दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात फोन वाजला. "रंगनाथ ना? आम्ही स्टेशनाबाहेर उभ्या आहोत. तुम्ही ते माळकरीच ना? नक्की?"

"नक्की, बाई," मी म्हटलं, आणि शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लावून घेतलं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा नाशिकच्या आसपास वाइनरी नव्या नव्या जोरात आल्या होत्या. मुंबईची, पुण्याची माणसं यायची, एका दिवसात तीन-तीन ठिकाणी वाइन चाखायची, आणि मग परत जायचं कसं इथं घोडं अडायचं. स्वतः गाडी चालवायची सोय नाही. ड्रायव्हर आणला तर तोही मागच्या दारानं आपला पेला मिळवायचा, आणि संध्याकाळी दोघंही एकमेकांना सांभाळत निघायचे. त्यात माझं बरं चाललं होतं. धरणाजवळच्या एका वाइनरीचे मॅनेजर वाघचौरे साहेब पाहुण्यांना माझा नंबर द्यायचे. "माळकरी आहे," सांगायचे. "बाटलीकडं बघणारसुद्धा नाही. डोळे मिटून बसा." लोक खरंच डोळे मिटून बसायचे. कुणी लायसन विचारायचं नाही. मागनं वाकून गळ्याकडं बघायचे आणि निवांत व्हायचे.

खरं तर त्यांनी माझं आधीचं आयुष्य विचारायला पाहिजे होतं. माळ घालायच्या आधी मी द्राक्षांचा टेम्पो चालवायचो आणि असा प्यायचो की टेम्पो मला घरी आणायचा. एकदा दिंडोरीहून येताना तो टेम्पो मी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत घातला. क्रेटांचा लगदा झाला. शेजारी चंद्रकला बसली होती, माझी बायको. तिचा उजवा हात कोपरातनं मोडला, तो नंतर कधी पुरता सरळ झालाच नाही. ती दवाखान्यातनं घरी आली आणि एवढंच म्हणाली, "आता एक तर माळ घाला, नाहीतर मी जाते माहेरी." आमच्या गावात तेव्हा हरिनाम सप्ताह बसला होता. मी काल्याच्या दिवशी महाराजांपुढं जाऊन बसलो आणि माळ घातली. त्यानंतर थेंब घेतला नाही.

पण चंद्रकलेचं मन काही मोकळं झालं नाही. मी घरी आलो की शर्ट काढून द्यायचा, ती तो नाकाला लावायची, मगच बादलीत टाकायची. एक शब्द बोलायची नाही. वर्षानुवर्षं हेच. भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं. मला दुसरं काही नको होतं हो, एक दिवस तिनं शर्ट सरळ बादलीत टाकावा, एवढंच. आणि नशिबाचा खेळ बघा, ती कामाला होती वाघचौरे साहेबांच्याच वाइनरीत. टेस्टिंगचे पेले धुवायची. म्हणजे वास कशाला म्हणतात ते तिच्याइतकं कुणाला कळणार? आणि त्या दिवशी माझी शेवटची फेरी तिथंच होती, उघड्या गळ्यानं.

तर त्या दोघी बाई. प्रधान बाई आणि समेळ बाई, दादरच्या एकाच शाळेतल्या, दोघीही नुकत्याच रिटायर झालेल्या. प्रधान बाई गोऱ्या, ठेंगण्या, अखंड बोलणाऱ्या. समेळ बाई उंच, काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि बघणं असं की मला आपोआप शाळेतल्यासारखं ताठ बसावंसं वाटलं.

"आम्ही मुद्दाम बुधवारी आलो," प्रधान बाई गाडीत बसताना म्हणाल्या. "शनिवार-रविवारी सगळी तरुण मुलं. त्यांच्यात आम्ही म्हणजे पालकसभा वाटायची."

"आणि ड्रायव्हर माळकरीच पाहिजे, हे माझं," समेळ बाई म्हणाल्या. "माझ्या भाच्याच्या मित्रांनी मागच्या वर्षी इथनं परत जाताना गाडी उलटवली. ड्रायव्हर प्यालेला. कुणाचं काही गेलं नाही, पण माझ्या मनात बसलंय ते. कुठंय तुमची माळ?"

"आहे की, बाई," मी आरशात न बघता म्हटलं. "आत आहे."

खोटं नव्हतं ते. खिशाच्या आत होती.

पहिली वाइनरी दिंडोरी रस्त्याला. मार्च महिना, द्राक्षतोडणी जोरात, ऊन असं की स्टिअरिंगला हात लावला की चटका बसावा. मी दोघींना आत सोडलं आणि दोरा शोधायला लागलो. वॉचमनकडं सुतळी होती, ती मण्याच्या भोकातनं जाईना. बाटल्यांच्या खोक्यांवरची प्लास्टिकची पट्टी उसवून बघितली, तीही नाही. तोवर आतनं हाक आली, "रंगनाथ, अहो इकडं या जरा, गंमत बघा!"

काउंटरवरच्या पोरीनं पाच पेले मांडले होते आणि शेजारी एक स्टीलची बादली. ती समजावत होती की वाइन तोंडात घोळवायची, चव घ्यायची, आणि नको असेल तर बादलीत थुंकायची. तीन-चार ठिकाणी जाणारे लोक असंच करतात म्हणे, म्हणजे चढत नाही.

"थुंकायचं?" प्रधान बाई म्हणाल्या. "तोंडात घेतलेलं? अगं, डब्यातली भाजी थुंकली म्हणून मी पोरांना वर्गाबाहेर उभं केलंय. छत्तीस वर्षं! आणि आता मी थुंकू?"

"तू नको थुंकूस," समेळ बाई म्हणाल्या, "पण मग गिळतानाही जरा बेतानं."

"पानात वाढलेलं टाकायचं नाही," प्रधान बाईंनी जाहीर केलं आणि पाचही पेले संपवले. समेळ बाईंनी एकेक घोट घेऊन पेले खाली ठेवले, तर ते उरलेलेही प्रधान बाईंनी संपवले. वाया कशाला घालवायचं म्हणून.

"तुम्ही सरबत तरी घ्या, रंगनाथ," त्या मला म्हणाल्या. "ह्यात वाइन नाही, नुसतं लिंबू आहे. घामानं निथळताय."

"नको, बाई."

"मग पाणी?"

"नको. उपवास आहे."

"पाण्याचा उपवास?" समेळ बाईंनी मान वळवली. "कसला?"

मला पटकन सुचलं ते बोललो. "एकादशी."

"एकादशी काल झाली," समेळ बाई म्हणाल्या. "आज बारस. आज उपवास सोडायचा असतो. माझी आई धरायची, मला माहीत आहे."

मी हसलो, मान खाजवली आणि बाहेर सटकलो. माळकरी माणूस एकादशीत चुकला म्हणजे वाण्यानं किलोत चुकावं तसंच. माझ्या पाठीत त्यांची नजर टोचत होती.

दुसऱ्या वाइनरीत जेवण होतं. प्रधान बाईंनी मला टेबलाशी बोलावलं, मी गेलो नाही. झाडाखाली गाडी लावून बसून राहिलो. तोंडाला कोरड पडलेली, जीभ टाळूला चिकटत होती. मनात म्हटलं, रंग्या, सरळ जाऊन सांग, माळ तुटलीय, अर्धा तास द्या, गावात जाऊन दोरा आणतो. मग दुसरं मन म्हणालं, सांगितलंस आणि त्यांनी वाघचौरे साहेबांना फोन केला तर? ड्रायव्हरच्या गळ्यात माळ नाही हो. साहेब ते चंद्रकलेला सांगणार. ती काय समजणार? तिच्या डोक्यात माळ उतरली म्हणजे बाटली चढली, ह्या दोघांत तिसरं काही नाहीच. तुटली म्हटलं तर कोण ऐकेल? पिणाऱ्यांच्या माळा नेहमी तुटलेल्याच असतात. मी स्वतः त्या काळात काय काय तुटल्याचं सांगितलं होतं, ते आठवलं की मलाच माझा भरवसा वाटत नव्हता.

म्हणून ठरवलं, तिसऱ्या वाइनरीत गाडीतनं उतरायचंच नाही. बाईंना दाराशी सोडायचं, परत घ्यायचं, स्टेशनवर पोहोचवायचं, आणि घरी जायच्या आधी दोरा, माळ, पाणी, सगळं उरकायचं. कुणाला काही कळायचं कारण नाही.

निघालो. ह्या वाटेनं कालव्याच्या कडेनं जावं लागतं. रस्ता अरुंद, एका अंगाला पाणी, कठडा बिठडा काही नाही. मागं प्रधान बाई आपल्याच नादात बोलत होत्या. मला त्यांचा आवाज लांबून, विहिरीतनं आल्यासारखा यायला लागला. समोरून द्राक्षांचे क्रेट भरलेला ट्रॅक्टर आला. मग मला दोन ट्रॅक्टर दिसले. मी विचार करतोय की एवढ्या रस्त्यात दोन ट्रॅक्टर शेजारी-शेजारी कसे मावले, आणि ह्यातला आपण चुकवायचा कुठला.

"रंगनाथ!" समेळ बाई ओरडल्या.

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा डावीकडच्या खिडकीतनं खाली बघितलं तर रस्ता दिसतच नव्हता, नुसतं पाणी. ट्रॅक्टरवाल्यानं आईवरनं एक सणसणीत शिवी हासडली आणि निघून गेला. पाचावर धारण बसली होती माझी, खोटं कशाला बोलू.

"झोप लागली का?" समेळ बाईंनी विचारलं.

"नाही बाई. ऊन डोळ्यावर आलं."

"ऊन मागनं आहे," त्या म्हणाल्या. पुढं मग प्रधान बाईंनी दोन्ही हातांनी माझ्या सीटची पाठ धरली, ती पोहोचेपर्यंत सोडली नाही.

धरणाजवळच्या वाइनरीत पोहोचलो, दोघींना पायऱ्यांपाशी सोडलं आणि गाडी पार लांब, द्राक्षांच्या क्रेटांच्या शेडमागं नेऊन लावली. सीट मागं करून डोळे मिटले. थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. वाघचौरे साहेब उभे होते, आणि त्यांच्या मागं समेळ बाई.

"उतर खाली, रंगनाथ."

मी दार उघडलं, उतरलो आणि पाय जमिनीला लागताच सगळं शेड गोल फिरलं. मी दाराला धरून उभा राहिलो. सोडलं असतं तर पडलोच असतो.

"बाई म्हणतायत तू गाडी कालव्यात घालत होतास. उपवासाबद्दल काहीतरी खोटं बोललास. काय भानगड आहे?" साहेब अगदी जवळ आले. "बटण काढ."

"साहेब, ऐका तरी..."

"बटण काढ वरचं."

काढलं. उघडा गळा, त्यावर माळेचा पांढरा वळ तेवढा उरलेला. साहेबांचा चेहरा असा पडला की मलाच त्यांचं वाईट वाटलं.

"माळ कुठंय?"

"तुटली साहेब. सकाळी. हे बघा, मणी आहेत." मी खिशातनं रुमाल काढायला गेलो, तर बोटं धड वळेनात. रुमाल हातातनं निसटला, थोडे मणी पुन्हा मातीत सांडले.

"बरोबर आजच तुटली," साहेब म्हणाले. "आणि जीभ का जड झालीय? डोळे का लाल झालेत? अरे, तुझ्या नावावर मी लोकांना डोळे झाकून गाडीत बसवतो! ह्या बाईंना काही झालं असतं तर? उद्यापासून इथं दिसू नकोस. आणि दुसरीकडं कुठं मी तुझी शिफारस करणार नाही, उलट सगळ्यांना सांगेन."

साहेबांची चूक नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. डोळे लाल, झोक जातोय, गळा उघडा. ह्याच्यावर आणखी पुरावा काय पाहिजे? मला एकच धाक होता, आता ती येऊ नये.

पण आली. कुणीतरी आत जाऊन सांगितलं असणार. चंद्रकला ओले हात पदराला पुसत शेडच्या कडेनं चालत आली आणि आमच्यापासून चार हात लांब थांबली.

"बघ तुझा नवरा," साहेब तिला म्हणाले. "सांभाळून ने घरी."

तिनं माझ्याकडं बघितलं. आधी गळ्याकडं, मग दाराला घट्ट धरलेल्या हाताकडं, मग खाली मातीत पडलेल्या मण्यांकडं. पुढं आली नाही, नाक लावलं नाही, काही नाही. लांबूनच बघत राहिली. मी तिच्याकडं बघू शकत नव्हतो. मनात म्हटलं, झालं. संपलं. एवढ्या वर्षांची कमाई एका वायपरनं घालवली.

"साहेब," चंद्रकला म्हणाली, "हे प्यालेले नाहीत."

साहेब चिडले. "तू बायको आहेस. तू असंच म्हणणार."

"बायको आहे म्हणून तर सांगते. प्यालेला रंगनाथ मी बारा वर्षं बघितलाय. तो असा गप्प उभा राहत नाही. तो तुमच्या गळ्यात पडला असता, ह्या बाईंना ताई म्हणाला असता, पडला असता तर हसत पडला असता. हे पडू नये म्हणून दार धरून उभे आहेत. प्यालेल्याला कुठं असतं पडायचं भ्या?"

समेळ बाई पुढं झाल्या. "मग त्यांना झालंय काय?"

चंद्रकला माझ्याकडं वळली. ती मला म्हणाली, "माळ कधी तुटली?"

"सकाळी. स्टेशनवर."

"तवापासनं पाणी?"

मी मान हलवली.

"आणि काल एकादशी. म्हणजे कालपासनं पोटात काही नाही."

"अहो, म्हणून ते सरबत!" समेळ बाई म्हणाल्या. "माळ नाही म्हणून पाणीच घेत नव्हते? मग तसं सांगायचं की नाही, माणसानं!"

मला जरा धीर आला. म्हटलं, सुटलो. आता पाणी प्यायचं, दहा मिनिटं बसायचं आणि बाईंना घेऊन निघायचं. मी साहेबांकडं बघून हसायलाही लागलो होतो. तेवढ्यात चंद्रकला आली, माझ्या खिशात हात घातला आणि गाडीची किल्ली काढून घेतली.

"साहेब, ही तुमच्याकडं ठेवा," ती म्हणाली. "आज गाडी यांच्या हातात द्यायची नाही."

"अगं पण आत्ताच तर म्हणालीस प्यालो नाही म्हणून!" मी म्हटलं.

"प्यालेले नाहीत, म्हणून काय झालं? उभं राहता येत नाहीये तुम्हाला." मग मात्र तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तिचा एवढा चढा आवाज ऐकला नव्हता. "गळ्यात माळ नाही म्हणून घोटभर पाणी चालत नाही देवाला, आणि दोन बायका कालव्यात घातलेल्या चालतात? तो टेम्पो चारीत घातलात तेव्हा दारू होती. आज दारू नव्हती, तर मी काय त्याचे पेढे वाटायचे होते?"

मला इतका राग आला होता म्हणून सांगू. परक्या माणसांदेखत, मॅनेजरदेखत, बायकोनं खिशातनं किल्ली काढून घ्यायची! आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी होत होतं आत, ते काय होतं हे तेव्हा मला कळायला वेळ नव्हता.

साहेबांनी किल्ली हातात घेतली, ती थोडा वेळ बोटांत फिरवली. मग म्हणाले, "पॅकिंगच्या बायकांची बस पाचला स्टेशनकडं जाते. बाईंना त्यातनं पाठवतो. चालेल ना, बाई?"

"आम्हाला कशीही चालेल," समेळ बाई म्हणाल्या. "फक्त त्या आधी आत जाऊन माझ्या मैत्रिणीला खुर्चीतनं उठवावं लागेल."

जाताना त्यांनी पर्स उघडली. आत सुया-दोऱ्याची छोटी डबी होती. "शाळेत शिवण शिकवायचे मी," त्या म्हणाल्या. डबी चंद्रकलेच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "सकाळी विचारलं असतंत तर स्टेशनवरच दिली असती हो. काय हा वेडेपणा!" मग जरा थांबून म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल साहेबांना वाईट सांगितलं. पण सांगितलं ते बरंच केलं, असं मला अजून वाटतंय."

"बरंच केलंत बाई," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

प्रधान बाई बसच्या खिडकीतनं मला हात करत गेल्या. पॅकिंगच्या बायकांना त्या काहीतरी शिकवत होत्या आणि सगळी बस हसत होती.

शेडच्या सावलीत मी क्रेटवर बसलो. चंद्रकला खाली बसून मणी ओवत होती. वाकडा हात मांडीवर टेकवून ती असं काम करायची, सवयच पडली होती तिला. मातीतले मणी पदराला पुसायची आणि सुईत घालायची. पाण्याचा तांब्या शेजारी भरून ठेवलेला. मी त्याच्याकडं बघत होतो, आणि मध्येच तिच्याकडं.

"कमी पडतायत मणी," ती म्हणाली. "दहा-पाच रिक्षाखाली गेले असतील तुमचे."

"चालतील का कमी?"

"विठोबा काय मोजत बसलाय?"

तिनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि माळ माझ्या हातात दिली. मी डोळे मिटून नाव घेतलं आणि गळ्यात घातली. मग तांब्या उचलला, पण तोंडाला लावायच्या आधी राहवेना म्हणून विचारलं. राग अजून पुरता उतरला नव्हता.

"साहेबांना एवढं छातीठोक सांगितलंस, प्यालेले नाहीत म्हणून. तुला खात्री होती?"

"कुठली खात्री," ती म्हणाली. "झोक जात होता, डोळे लाल होते. मी काय देव आहे?"

"मग कसं सांगितलंस?"

"सांगितलं." ती उठली, लुगड्याची माती झटकली. "एकदा कधीतरी सांगायचंच होतं मला."

"आणि प्यालेला निघालो असतो तर?"

"तर तुमच्याबरोबर माझीपण नोकरी गेली असती," चंद्रकला म्हणाली. "प्या आता पाणी. हळूहळू प्या, ठसका लागेल." आणि ती लगालगा आत निघून गेली, आत पेल्यांचा ढीग पडला होता तिच्या नावानं.

मी तांब्या तोंडाला लावला आणि मला रडू आलं. दिवसाउजेडी, क्रेटवर बसून, तोडणीच्या गड्यांदेखत मी लहान पोरासारखा रडलो, आणि मध्ये मध्ये पाणी पीत राहिलो.